सध्या गप हाये

अलोणे भाऊंनी आपल्या उभ्या दुकानदारीत एकाही गिऱ्हाइकाला "दुरुस्त झालं" म्हटल्याचं मला आठवत नाही. लॅपटॉप चालू व्हायचा, गिऱ्हाईक खूश होऊन तो बॅगेत भरायला लागायचं आणि जाता जाता विचारायचं, झाला ना भाऊ चांगला? की हे चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "सध्या गप हाये." गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं. बाळंतिणीला घरी सोडताना डॉक्टरनं असं काही म्हटलं तर नवऱ्याला कसं वाटेल? मी किती वेळा म्हटलं, अहो धंदा आहे हा, दोन शब्द गोड बोलायला तुमचं काय जातं? तर म्हणायचे, गोड बोलायले कोपऱ्यावर हलवाई बसला हाये.

वणीत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं, त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. सकाळी पुसलेल्या काउंटरवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. ह्या असल्या धुळीत नाजूक मशिनी उघडून बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण वणीत दुसरीकडे कुठं जाणार? धूळ सगळीकडे सारखीच.

माणूस उंच, जरा वाकलेला, बोलण्यात खडूस. आवडलेल्या माणसाला 'तुमी', मशीनला 'तू', आणि न आवडलेल्या माणसाशी बोलायचंच नाही, सरळ त्याच्या लॅपटॉपशी बोलायचं. "काय बे, कोणं सांडलं तुह्यावर पाणी?" गिऱ्हाईक बिचारं समोर उभं राहून मान खाली घालायचं. उघडलेल्या प्रत्येक मशीनचे स्क्रू ते वेगळ्या वाटीत ठेवत. ह्या वाट्या त्यांच्या लग्नात आलेल्या, स्टीलच्या, खाली देणाऱ्याचं नाव कोरलेलं. त्यामुळं बँकेच्या साहेबाचे स्क्रू 'श्रावण मामाकडून' ह्या वाटीत आणि कॉलेजच्या पोट्ट्याचे 'महिला मंडळ'मध्ये. कुठली वाटी कुणाची हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यासमोर उदबत्ती कधी नाही. कारण विचारलं तर म्हणाले, मले वास येत नाई, मग कोणासाठी लावू?

हे मात्र खरं होतं. आधी ते कोळशाच्या खाणीवर साठ्याच्या यार्डात होते. तिथल्या धुरात नाक गेलं. पुढं नोकरी सोडली, चाळिशी ओलांडल्यावर पोरासोरांत बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हे दुकान टाकलं. पण जळकं काय आणि भिजकं काय हे नाकाशिवाय कळायचं कसं? त्यांनी त्यावर उपाय शोधला. तो उपाय म्हणजे मी.

"ताई, जरा नाक आणा." भिंतीपलीकडून हाक यायची. पहिल्यांदा मला भल्ला राग आला. बाईमाणसाला असं बोलतात का? पण गेले, त्यांनी उघडा लॅपटॉप माझ्या तोंडासमोर धरला, मी वास घेतला आणि म्हटलं, उतू गेलेलं दूध. त्यांनी कुठलीशी पट्टी काढली, तिच्याखाली खरंच दूध साकळलेलं होतं. तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. हातात कुणाचा जातीचा दाखला असला तरी हाक आली की उठायचं. हळूहळू जळलेल्या वायरचा वास वेगळा, उंदराच्या मुताचा वेगळा, हे मला बसल्या जागी कळायला लागलं.

एकदा एका माळकरी गुरुजींचा लॅपटॉप आला. मी हुंगला आणि सांगून टाकलं, सुकट आहे. गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गळ्यात तुळशीची माळ, दुकानात चार गावकरी, आणि ही बाई म्हणते सुकट. भाऊंनी मागचं झाकण काढलं, तर पंख्याखाली वाळून चिपाड झालेली पाल. "गुरुजी, वाचले तुमी," एवढंच म्हणाले. गुरुजी त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत, ह्यात माझा काय दोष?

दुकानाच्या दारामागे माणसाच्या उंचीची एक लोखंडी सळई उभी असायची, वर मुठीसाठी वाकवलेली. कॉम्प्युटरच्या दुकानात सळई कशाला, असं येणारा प्रत्येक जण विचारायचा. पंख्याची धूळ काढायले, हे ठरलेलं उत्तर. मलाही तेच मिळालं होतं. खरं उत्तर एका दुपारी मिळालं, लाइट गेली होती आणि आम्ही दोघं पायरीवर चहा घेत बसलो होतो तेव्हा.

कोळशाचा ढीग आपल्या आपण पेटतो, हे वणीत लहान पोरालाही ठाऊक असतं. वरून काळा, थंडगार, आणि पोटात लाल. यार्डात भाऊंचं काम हेच होतं. सळई ढिगात खुपसायची, थोडा वेळ राहू द्यायची, बाहेर काढून हाताच्या मागल्या बाजूला लावायची. चटका बसला तर ढीग आतून जळतो आहे, नाही बसला तर थंड. एक दिवस सळई थंड निघाली. भाऊंनी खालून ओरडून सांगितलं, थंड हाये. त्यांचा जोडीदार शंकर वर चढला. सळई जिथं खुपसली होती तिथं थंडच होतं. शंकरनं चार हात पलीकडे पाय ठेवला आणि वरची साय फुटावी तसा तो ढिगात गेला.

भाऊंनी कप खाली ठेवला. "ढीग सांगते, ताई. पण तुमी जितकं विचारलं तितकंच सांगते," म्हणाले. 'दुरुस्त झालं' हे शब्द त्यांच्या तोंडून का निघत नाहीत ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी त्यांना खडूस म्हणून मी किती बोलले होते, माझं मलाच वाईट वाटलं.

बोंडअळीचं साल होतं ते. मुकुटबनकडचा प्रवीण गौरकार नावाचा पोरगा एक जाडजूड लॅपटॉप घेऊन आला. लग्नाचं शूटिंग करायचा, त्याची मिक्सिंग करायला त्याला दणकट मशीन हवी होती, म्हणून नागपुरातून त्यानं गेम खेळायचा लॅपटॉप सेकंडहँड उचलला. शूटिंगवाल्या पोरांत तेव्हा तेच चालायचं. कीबोर्डखालून लाल उजेड, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. तक्रार एकच. काम रंगात आलं की पडदा काळा व्हायचा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायची. नवरीच्या गळ्यात हार पडता पडता लॅपटॉप बंद.

लॅपटॉप आपल्या चुका आपणच आत लिहून ठेवतो, हे मला भाऊंमुळं कळलं. त्यांनी ती यादी उघडली. लाल खुणा, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढं तेच वाक्य, हार्डवेअरमध्ये चूक. काय चूक, कुठं चूक, काही नाही. "एकच गोष्ट घोकून राह्यला बे तू," भाऊ त्याला म्हणाले. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि आम्ही दोघं पाहतच राहिलो. पंख्याच्या पात्यांत रुईचा घट्ट थर बसला होता, आणि त्या रुईत एक गुलाबी अळी वाळून चिकटली होती.

प्रवीणनं ओशाळून सांगितलं, घरात कापूस भरला आहे. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरात तेच होतं. अळीनं खाल्लं त्यातून जो काही हाती लागला, त्याला व्यापारी भाव देईना, म्हणून लोकांनी कापूस घरात कोंबला आणि भाव चढायची वाट पाहत बसले. गौरकारांची आतली खोली आढ्यापर्यंत भरली होती. अळ्या ढिगातून निघून भिंतीवर चढायच्या. घरात बाप नाही, मायलेक दोघंच. ढिगाच्या बाजूला थोडी जागा ठेवून प्रवीण तिथंच मिक्सिंग करायचा, आणि त्याची माय राखण म्हणून कापसावरच आडवी व्हायची.

पंखा साफ झाला. सध्या गप हाये, म्हणून लॅपटॉप गेला, आणि आठवड्यात परत आला. तीच लाल यादी. भाऊंनी मेमरीची पट्टी बदलली, जुनं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली, आणि परीक्षा म्हणून त्यावर लढाईचा एक गेम लावून ठेवला. कित्येक दिवस तो गेम दुकानात चालू होता. खेळणारं कोणी नाही, आणि पडद्यावर एक शिपाई ओसाड गावात बंदूक घेऊन उभा, मान वळवून इकडे तिकडे पाहतो आहे. मी येता जाता तिकडे पाहायचं टाळायची. यादीत एकही लाल खूण उमटली नाही. घरी नेल्याबरोबर पुन्हा उमटली.

आता भाऊ चिडले. माह्या दुकानात चालते म्हणजे मशीन चांगली हाये, हा त्यांचा हेका. प्रवीणला त्यांनी वाटेल तसं झाडलं, तू गेम खेळतो दिवसभर, तापवतो तिले. पोरगं निमूट ऐकून घेत होतं. मग हळूच म्हणालं, की माय लॅपटॉप घरात ठेवू नको म्हणते. तो घरात चालू असला की कापसात आवाज येतो. कोणी तरी आत बसून शेंगा फोडावं तसा. लॅपटॉप वणीला आणला की आवाज बंद. मायचं म्हणणं, नागपूरची जुनी वस्तू, कोण्या मेलेल्या माणसाची असेल, तो मागं मागं आला.

"भुताखेताचं मले सांगू नोको," भाऊ म्हणाले. "माह्या बापानं ते सन छप्पनलेच सोडलं." मी हसले. पण खरं सांगते, शेंगा फोडल्याचा आवाज हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

ह्या तिसऱ्या खेपेला मात्र प्रवीणनं पूर्ण बॅगच आणून टाकली, तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, नाक आणा. मी लॅपटॉप हुंगला. काही नाही. झाकण काढून हुंगला, तरी काही नाही. मग सहज बॅगेत हात घालून चार्जर काढला. त्याची बोर्डात घालायची पिन नाकाशी नेली आणि मी एकदम लहानपणी गेले. आमच्या गावी गाईसाठी सरकी भाजायचे, तो तेलकट वास. पण त्याखाली दुसरं काही तरी होतं, करपलेलं.

सरकी भाजल्यासारखी, असं मी म्हटलं. भाऊंनी चार्जर माझ्या हातातून घेतला. पितळेची पिन एका बाजूनं काळी पडली होती, प्लास्टिक सुरकुतलेलं. इतके दिवस प्रवीण नुसता लॅपटॉप आणायचा आणि भाऊ त्याला आपल्या दुकानातला चार्जर लावायचे. सगळे दुरुस्तीवाले असंच करतात. लॅपटॉप सांगत होता की मला वीज नीट मिळत नाही, आणि हे त्याला दुसऱ्याच नळाचं पाणी पाजून विचारत होते, दुखते कुठं? स्वतःच्या कपाळावर त्यांनी तळहात मारून घेतला.

लगेच प्रवीणला फोन लावला. चार्जर लावतो तो बोर्ड कुठं आहे विचारलं. प्रवीण म्हणाला, वायरचा बोर्ड आहे, भिंतीच्या पिनला लावलेला, पण कापूस घसरला तसा तो ढिगाखाली गेला. चार्जर काढायचा होता तेव्हा वायर धरून ओढली, निघून आली. बोर्ड आतच आहे, अजून चालूच असेल. आणि मग तो जे बोलला ते फोनबाहेर मलाही ऐकू आलं.

"भाऊ, लॅपटॉप तुमच्यापाशी हाये. चार्जरबी तुमच्यापाशीच. मग आवाज कायचा येऊन राह्यला? माय म्हणते, कालपासून जास्तच येते."

भाऊंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. अगदी शांत आवाजात त्यांनी सांगितलं, मेन स्विच पाड, खोलीत कोणी जाऊ नका, कापूस उकरू नका, उकरला की हवा लागते. फोन ठेवला आणि दारामागची सळई घेतली. मला म्हणाले, चला ताई, तिथं नाक लागते. दुकानाला कुलूप लावायचंही सुचलं नाही त्यांना, मी लावलं. ओळखीची एक जीप करून आम्ही मुकुटबनच्या रस्त्याला लागलो. वाटेत म्हणाले, बोर्डाची ठिणगी कापसात पडली असन, आतल्या आत सरकी फुटून राह्यली, तोच आवाज.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणात शेजारचे पाच-सहा लोक, प्रवीण, आणि दारात त्याची माय. बारीक, ताठ बाई. लेकानं काय सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, पण पटलेलं नव्हतं. तिची नजर सरळ भाऊंच्या हातातल्या सळईवर गेली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. कापूस किती ओला आहे हे पाहायला व्यापाऱ्याची माणसं अशीच येतात, गंजीत हात घालतात, सळया घालतात, आणि ओला आहे म्हणून भाव पाडतात. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. लेकाला ढकलून ती आत गेली आणि कोणी अडवायच्या आत शिडीनं ढिगावर चढून बसली.

मी दारात उभी राहिले. आत पांढरंच पांढरं, आढ्यापर्यंत. दुपार असून खोलीत बाहेरच्यापेक्षा गार वाटत होतं. धूर नाही, जाळ नाही, भिंतीवर दोन गुलाबी अळ्या. आणि त्या ढिगावर मांडी घालून बसलेली ती बाई. सगळे गप्प झाले तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक् टक्. तिच्याखालून कुठून तरी. वास तर दारातच नाकात शिरला होता. मी भाऊंचा हात दाबला आणि मान हलवली, हो म्हणून.

भाऊंनी दाराजवळ सळई खुपसली. काढली, हाताला लावली. मग मध्ये. मग भिंतीच्या अंगाला, लांब हात करून. ह्या तिसऱ्या वेळी त्यांनी सळई काढली आणि हाताला लावताच हात मागं घेतला.

"मावशी, खाली या," ते म्हणाले.

ती म्हणाली, आधी ह्या चार लोकांसमोर सांग, माहा कापूस कोरडा हाये म्हणून. जळतबिळत नाई, थंड हाये म्हण, मग उतरतो. बाहेरच्यांपैकी कोणी तरी भाऊंना हळूच म्हणालं, म्हणून टाका ना बापा, काय जाते. खरंच काय जात होतं? एक शब्द म्हटला असता तर ती उठून उभी राहिली असती आणि चालत खाली आली असती, आणि येताना कुठं पाय ठेवला असता देव जाणे.

"नाई म्हणत," ते म्हणाले. "एक डाव म्हटलं होतं. माहा जोडीदार गेला त्यात." आणि सळईचं टोक त्यांनी सावकाश वर तिच्यापुढं धरलं. "मी नोका मानू. हिले हात लावून पाहा."

तिनं बोट लावलं. तिचं तोंड बदललेलं मी पाहिलं. झटकन उठायला लागली तसे भाऊ ओरडले, उभं राहू नका, बसा. आणि मग सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ते सळई तिच्या पुढ्यात खुपसायचे, थांबायचे, काढून हाताला लावायचे, आणि म्हणायचे, इथं सरका. ती बसल्या बसल्या वीतभर सरकायची. पुन्हा सळई. पुन्हा थांबणं. खाली टक् टक् चालूच. प्रत्येक ठिकाणी ते थांबायचे तेवढा वेळ मला युगासारखा वाटत होता, वाटायचं ओढून घ्या आता तिला. पण ते घाई करत नव्हते. एकाच ठिकाणचं विचारून पलीकडचं कळत नाही, हे त्यांना शंकरनं शिकवलं होतं. शेवटी प्रवीणच्या हाताला तिचा हात लागला आणि त्यानं तिला उचलून अंगणात नेलं.

आम्ही दारातून मागं सरलो आणि ढिगानं श्वास सोडला. खरंच तसा आवाज आला. ती बसली होती त्याच्या जरासं पलीकडे कापूस आपोआप खाली बसला, मोठ्या परातीएवढा खळगा झाला, आणि त्यातून उदबत्तीसारखी धुराची एक रेघ सरळ वर गेली. खळग्याच्या तळाशी लाल होतं. मग जाळ झाला. लोकांनी पाणी मारलं, दाराकडचा कापूस जमेल तसा ओढला, पण बराचसा गेला आणि खोलीचं छप्परही गेलं. बाकीचं घर राहिलं. प्रवीणची माय अंगणात बसून होती, मुठीत थोडा कापूस तसाच. निघताना तिनं भाऊंना गडवा भरून पाणी दिलं आणि त्यांच्या भाजलेल्या हातावर खोबरेल लावलं.

परत येताना जीपमध्ये भाऊ म्हणाले, ताई, मले वास येऊन राह्यला. मला काय आनंद झाला सांगू, गेलेलं नाक परत आलं असं वाटलं. पण चहा नाकाशी धरला तर त्याचा वास येईना, कांद्याचा येईना. फक्त करपलेल्या सरकीचा यायचा, बसल्या उठल्या. डॉक्टर म्हणाला, होतं असं. भाऊ मला रोज विचारायचे, आता येते का? मी हुंगायची. आमच्या दुकानांत काही नसायचं. धूळ आणि झेरॉक्सची शाई.

लॅपटॉप त्यांच्याकडेच राहिला, मायनं घरात घेऊ दिला नाही. नवा चार्जर लावून भाऊंनी तो फळीवर ठेवला होता आणि रोज यादी उघडून पाहायचे. कित्येक महिने स्वच्छ. मग एका सकाळी लाल खूण. भाऊंनी आपला बोर्ड बदलला, पूर्ण वायरिंग बदलली, माझ्या दुकानाचीही बदलायला लावली. थोडे दिवस काही नाही, मग पुन्हा एक. जुनं मशीन, जळक्या पिनवर किती दिवस चाललेलं, असं मी समजावलं. ते हो म्हणायचे. आणि थोड्या वेळानं मागच्या नालीपाशी मला ते दिसायचे, सळई जमिनीत खुपसून वाट पाहत असलेले. लोक हसायचे. मी लोकांवर चिडायची, आणि मनातून भाऊंवरही. कारण वणीच्या खाली कोळसा आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावर दुकान मांडून बसायचं तर ते आठवून कसं चालेल? ह्या माणसानं मला ते आठवायला लावलं. काउंटरमागे बसले की मी आपोआप पाय स्टुलाच्या दांडीवर घ्यायला लागले.

पुढं त्यांची तब्येत ढासळली. चंद्रपूरची मुलगी न्यायला आली. मे महिना होता. सामान जीपमध्ये चढलं, वाट्या एका पोत्यात खणखणत गेल्या, तो लॅपटॉप तिनं भंगारात दिला. भाऊ मात्र सळई घेऊन आमच्या दोन दुकानांच्या मधल्या फुटक्या फरशीपाशी उभे होते. तिथं त्यांनी केव्हाची ती खुपसून ठेवली होती. त्यांनी ती काढली आणि माझ्यापुढं धरली.

"माह्या हातावर आता भरोसा नाई, ताई. तुमी सांगा."

मी हाताची मागली बाजू लावली. सळई कोमट होती. मे महिन्यात वणीत काय कोमट नसतं? भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. मुलगी जीपमधून हाक मारत होती. थंड आहे म्हणायचं आणि म्हाताऱ्याला सुखानं जाऊ द्यायचं, शब्द अगदी जिभेवर आला होता.

"सध्या गप हाये, भाऊ," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मान हलवली, सळई माझ्या हातात तशीच सोडली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मागं वळून पाहिलं नाही. जीप ट्रकांच्या धुळीत शिरली तोवर मला त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली, जरा एका बाजूला कललेली.

मी सळई परत त्याच भोकात घातली आणि येऊन बसले. दोन फॉर्म भरले, कुणाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढली. संध्याकाळी ऊन उतरलं, वारा सुटला, मी पायरीवर पाणी मारलं, फरशी निवली. शटर ओढायच्या आधी सळई काढून हाताला लावली. कोमटच होती.